हताहत म्हणजे मेलेले किती?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं युद्धाच्या बातम्यांवर होती. कोण जिंकणार आणि कोणाचं बरोबर, असं विचारणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत. त्याची उत्तरं पार्क चौकात संध्याकाळी फुकट मिळतात. सोलापुरात बसून, हाताशी एक मोबाइल आणि एक पेपर असताना, आलेली बातमी कशी पारखायची, एवढ्याच प्रश्नांना इथे जागा दिली आहे.

जून 2025 मध्ये एकीकडे वाचलं, 'दहा लाख रशियन सैनिक ठार'. त्याच सुमारास दुसरीकडे आलं, 'एक लाखावर ठार'. दहापट फरक! दोघांपैकी एक जण थापा मारतोय ना?
— निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

दोघंही खरं सांगत असतील. गडबड 'ठार' या शब्दात आहे.

दहा लाखांचा आकडा युक्रेनच्या लष्करी मुख्यालयाने 12 जून 2025 ला जाहीर केला. तो कॅज्युअल्टीचा होता. लष्करी भाषेत कॅज्युअल्टी म्हणजे जो माणूस लढाईतून बाद झाला तो: मेलेला, जखमी, आणि मोजणाऱ्याच्या पद्धतीनुसार बेपत्ता किंवा पकडला गेलेलाही. याला मराठीत नेमका शब्द आहे, हताहत. हत अधिक आहत, म्हणजे मेलेले आणि जखमी. तुम्हाला संधी सोडवून दाखवायला नको. पण बोलताना 'हताहत' म्हणजे मेलेलेच, असं रूढ झालं आणि भाषांतराच्या घाईत त्याचं 'ठार' होतं. एका मृतामागे साधारण दोन ते चार जखमी असतात, तेव्हा दहा लाख हताहतांतले मृत काही लाख धरावे लागतील. शिवाय हा शत्रूने मोजलेला आकडा आहे. जो मारतो तोच मोजतो तेव्हा आकडा फुगतो. मुद्दाम फुगवला नाही तरी एकाच स्फोटाचं श्रेय दोन तुकड्या घेतात.

एक लाखाचा आकडा वेगळ्या कारखान्यातून येतो. मीडियाझोना ही रशियन वृत्तसंस्था आणि बीबीसीची रशियन सेवा मिळून मृत रशियन सैनिकांची नावनिशीवार यादी करतात. गावच्या पेपरातली श्रद्धांजली, नातेवाइकांच्या पोस्ट, कबरीवरच्या पाट्या, असं काहीतरी हाती असल्याशिवाय नाव यादीत चढत नाही. म्हणून या आकड्याला 'किमान' म्हणायचं. ज्याचा देह सापडला नाही किंवा ज्याच्या घरच्यांनी कुठे काही लिहिलं नाही, तो यादीत नसतो. यादी मागेही पडते. आज मेलेल्याचं नाव काही महिन्यांनी चढतं. त्यामुळे यादीतला शेवटचा महिना कमी दिसला तर 'रशियाची हानी घटली' असा निष्कर्ष काढू नका. तो महिना अजून भरलेला नसतो.

स्वतःच्या बाजूचे आकडेही असेच उलगडून वाचावे लागतात. रशियाचे तेव्हाचे संरक्षणमंत्री शोइगू यांनी 21 सप्टेंबर 2022 ला आपले 5,937 सैनिक मेल्याचं सांगितलं. झेलेन्स्की यांनी डिसेंबर 2024 मध्ये 43 हजार मृत आणि 3 लाख 70 हजार जखमी सांगितले, पण हा दुसरा आकडा म्हणजे तेवढी माणसं नव्हेत. तेवढ्या वेळा जखमींवर उपचार झाले. एकच जण दोनदा जखमी झाला तर दोनदा मोजला गेला आणि निम्मे तर पुन्हा कामावर रुजू झाले. आपल्याकडच्या बातमीत मात्र 'पावणेचार लाख सैनिक जायबंदी' असं यायचं.

नागरिकांच्या मृत्यूंसाठी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचे आकडे सगळ्यात कसोशीने तपासलेले असतात आणि म्हणूनच सगळ्यात कमी असतात. मारियुपोलमध्ये त्यांनी जून 2022 पर्यंत 1,348 मृत्यूंची खातरजमा केली आणि खरा आकडा हजारोंनी जास्त असावा, असं त्याच दमात सांगितलं. कारण साधं आहे: शहर रशियाच्या ताब्यात, आत जाऊन मोजणार कोण? जिथे सगळ्यात जास्त माणसं मरतात तिथलाच आकडा सगळ्यात अपुरा असतो.

वहीत चार रकाने आखा: कोणी सांगितलं, कोणाच्या हानीबद्दल, नेमकं काय मोजलं, कधीपासून कधीपर्यंत. एकही रकाना रिकामा राहिला तर तो आकडा कोणाला सांगू नका. आणि मिलियनचं भाषांतर जरूर तपासा. एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. युद्धाच्या बातम्यांत इथे एक शून्य इकडचं तिकडे होणं ही रोजची गोष्ट आहे.

आमच्या भावकीच्या ग्रुपवर दर दोन दिवसांनी कोणीतरी स्फोटाचा व्हिडिओ टाकतं. खरा की खोटा, कसं ओळखायचं? घरात कॉम्प्युटर नाही.
— एक वाचक, विजापूर रोड

मोबाइलवर दहा मिनिटांत जमतं. आधी व्हिडिओच्या वर बघा. 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी दुहेरी बाणाची खूण असेल तर तो निदान पाच हात फिरून आलाय. पाठवणारे मामा असोत की साडू, मूळ कोणाचं ते त्यांनाही ठाऊक नसतं.

आता व्हिडिओ थांबवत थांबवत तीन-चार स्क्रीनशॉट घ्या. आगीचा गोळा घेऊ नका. सगळे गोळे सारखेच दिसतात आणि शोधयंत्र भलतंच काही दाखवतं. ज्यात इमारती, पूल, दुकानाची पाटी किंवा डोंगराची रेघ दिसते ती चौकट निवडा. वर चिकटवलेली मराठी-हिंदी अक्षरं आणि चॅनेलचा लोगो कापून टाका, नाहीतर शोधयंत्र त्या अक्षरांमागेच धावतं. मग गूगल लेन्सवर शोधा आणि तिथे नाही मिळालं तर यांडेक्स या रशियन शोधयंत्रावर. पूर्व युरोपातल्या जागा यांडेक्सला बऱ्याचदा चांगल्या सापडतात. निकालांत सगळ्यात जुनी तारीख शोधायची. 12 ऑगस्ट 2015 चा चीनमधल्या तिआनजिनचा स्फोट 2022 मध्ये युक्रेनचा म्हणून फिरत होता. काहीच सापडलं नाही तर चित्र आडवं उलटवून परत शोधा; पकडलं जाऊ नये म्हणून डावी-उजवी बाजू बदलणं ही जुनी युक्ती आहे.

रात्रीच्या व्हिडिओवर हा उपाय चालत नाही. तिथे कान लावा. आवाज एका सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला तीन सेकंद. विजेचा लखलखाट आणि गडगडाट यातला वेळ मोजतो तसंच. स्फोट दोन-तीन किलोमीटरवर दिसतोय आणि धडाम मात्र त्याच क्षणी ऐकू येतंय, तर आवाज मागाहून चिकटवलाय. व्हिडिओ गेमचं चित्रीकरण ओळखायचं असेल तर माणसांचे आवाज ऐका. खऱ्या व्हिडिओत कोणीतरी दचकतं, शिवी देतं, कॅमेरा हलतो. आर्मा 3 या खेळातली दृश्यं इतकी फिरली की नोव्हेंबर 2022 मध्ये तो खेळ बनवणाऱ्या कंपनीलाच खोटी दृश्यं कशी ओळखायची, याचा खुलासा काढावा लागला.

पाटी दिसली तर एक खूण उपयोगी पडते: उभ्या दांडीवर दोन टिंबं असलेलं अक्षर युक्रेनियनमध्ये असतं, रशियनमध्ये नसतं. मात्र युक्रेनच्या पूर्व भागात रशियन पाट्याही भरपूर आहेत, तेव्हा ते अक्षर दिसलं नाही म्हणून काही सिद्ध होत नाही.

मोठी आग लागल्याचा दावा असेल तर नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावर त्या जागेचा नकाशा उघडा. उपग्रहाला जमिनीवर उष्णता दिसली की तिथे ठिपका पडतो, साधारण तीन तासांच्या आत. एक ठिपका म्हणजे सुमारे 375 मीटरचा चौकोन, त्यामुळे कुठली इमारत ते कळत नाही, परिसर कळतो. ढग असतील तर काहीच दिसत नाही. पहिल्यांदा आपलाच जिल्हा उघडून बघा. ऊस तुटल्यावर माळशिरस-पंढरपूरकडे पाचट पेटवतात, ते ठिपके दिसतील. युक्रेनमध्येही गव्हाच्या काढणीनंतर जुलै-ऑगस्टमध्ये असेच ठिपके पडतात, आणि हौशी मंडळी त्यालाच आघाडी समजतात.

एवढं करूनही पत्ता लागला नाही तर ग्रुपवर 'खोटा आहे' असं लिहू नका. 'मूळ सापडलं नाही' असं लिहा. ते खरंही असतं आणि साडूही रुसत नाहीत.

चिखलामुळे रणगाडे अडकले म्हणतात. रणगाड्याला तर पट्टे असतात, तो कसा रुतेल? आणि नकाशातला रशियाच्या ताब्यातला लाल पट्टा महिनोन्महिने तसाच का?
— शेतकरी, मंगळवेढा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळेल. पूर्व आणि दक्षिण युक्रेनमध्येही काळी माती आहे. तिथली कुजलेल्या गवताच्या ह्यूमसने काळी झालेली, आपली तेवढी सेंद्रिय नाही, पण ओली झाल्यावर चाकाला चिकटण्यात दोघी बहिणी. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस लागतो, तेव्हा रानात वाफसा नसतो. टी-72 रणगाडा 40 टनांवर असला तरी पट्ट्यांमुळे वजन पसरतं. त्याखालचा जमिनीवरचा दाब मोटारीच्या टायरपेक्षा कमी असतो. तो एक वेळ निघेल. रुततो तो मागचा डिझेलचा टँकर आणि दारूगोळ्याचा ट्रक, आणि त्यांच्यावाचून रणगाडा पुढे जाऊन करणार काय? म्हणून सगळा ताफा डांबरी रस्त्यावर येतो, एकामागे एक. पहिली आणि शेवटची गाडी उडवली की मधल्या अडकल्या. फेब्रुवारी-मार्च 2022 मध्ये कीव्हच्या उत्तरेला सुमारे 64 किलोमीटरचा ताफा दिवसेंदिवस उभा होता, त्यामागे इंधन आणि रसद यांच्या ढिसाळपणाबरोबर हेही कारण होतं.

हल्ली मात्र चिखलापेक्षा ड्रोनने जास्त अडतं. आघाडीच्या दोन्ही बाजूंना दहा-पंधरा किलोमीटरच्या पट्ट्यात उघड्यावर गाडी दिसली की काही मिनिटांत तिच्यावर ड्रोन येतो. त्यामुळे लढाई शेतांमधल्या झाडांच्या ओळींसाठी होते. तिथे वारा अडवायला शेतांच्या कडेने लांबलचक झाडी लावलेली आहे. बांधावरची बाभळ समजा, पण आखून लावलेली. त्या ओळीतून दोघं-तिघं सैनिक सरकतात. नोव्हेंबरमध्ये पानं गळली की आडोसा जातो. दाट धुकं पडलं की ड्रोनला दिसत नाही, आणि नेमकं त्याच दिवसांत कोणीतरी पुढे सरकल्याची बातमी येते. म्हणजे नकाशाबरोबर तिथलं हवामान बघायची सवय लावून घ्या.

नकाशाचं म्हणाल तर आधी मोजमाप जुळवून घ्या. युक्रेन सुमारे 6 लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. आघाडीची रेघ हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईहून बंगळूरपर्यंतचा रस्ता. 2024 च्या सबंध वर्षात रशियाने जे सुमारे 4,000 चौरस किलोमीटर घेतले, ते सोलापूर जिल्ह्याच्या पाव हिश्शाहून जरासे जास्त. मोबाइलच्या पडद्यावर ते केसाएवढंही दिसत नाही. पण 'या वेगाने अमुक वर्षं लागतील' असं त्रैराशिकही मांडू नका. सप्टेंबर 2022 मध्ये खार्कीव्ह भागात रशियाची फळी विरळ झाली होती, ती फुटल्यावर युक्रेनने हजारो चौरस किलोमीटर काही दिवसांत परत घेतले. रेघ मधल्या काळात हलत नाही, तेव्हा दोन्हीकडची माणसं आणि दारूगोळा झिजत असतो. नकाशावर झीज दिसत नाही.

एक खोड लक्षात ठेवा. रशियाचं संरक्षण मंत्रालय जुनी सोव्हिएत नावं वापरतं: बाखमुतला आर्त्योमोव्स्क, पोक्रोव्स्कला क्रास्नोआर्मेइस्क, तोरेत्स्कला द्झेर्झिन्स्क. एकच गाव दोन नावांनी दोनदा 'पडल्याचं' वाचलं तर गोंधळू नका. आणि झेंडा लावल्याचा व्हिडिओ म्हणजे गाव ताब्यात, असंही नाही. ड्रोनच्या कॅमेऱ्यासाठी दोघं येतात, झेंडा धरतात. अर्ध्या तासाने ते तिथे असतात की नाही हे व्हिडिओत येत नाही. युक्रेनचा डीपस्टेट आणि अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ वॉरचा, असे दोन नकाशे शेजारी ठेवून बघा. दोन्हींत रंग बदलला तर गाव गेलं असं धरायला हरकत नाही. एकात बदलला, दुसऱ्यात करडा राहिला, तर तिथे अजून लढाई चालू आहे.

सकाळी सहाला येणाऱ्या पेपरात 'काल रात्री कीव्हवर हल्ला' असं असतं, टीव्हीवर मात्र वेगळाच हल्ला. असं का?
— वृत्तपत्र विक्रेता, नवी पेठ

घड्याळामुळे. कीव्ह आपल्या मागे हिवाळ्यात साडेतीन तास आणि उन्हाळ्यात अडीच तास असतं. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ बदलतात. मॉस्को बारा महिने अडीच तास मागे. तिथले ड्रोनहल्ले मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत चालतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे तीन ते सकाळी सात-आठ. तोवर तुमचे गठ्ठे छापून सुटलेले असतात. पेपरातली 'काल रात्र' ही परवाची रात्र असते.

शंभरातले नव्वद ड्रोन पाडले म्हणतात, मग शहरभर वीज कशी जाते?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सोलापूर

नव्वद टक्क्यांत सगळं एकत्र कालवलेलं असतं. शाहेद जातीचा ड्रोन तासाला सुमारे 180 किलोमीटर वेगाने येतो आणि मूळ प्रकारात सुमारे 50 किलो स्फोटकं आणतो. त्याच थव्यात स्वस्तातले पोकळ ड्रोनही असतात, फक्त समोरच्याचा दारूगोळा संपवायला. ते पडले तरी मोजणीत 'पाडले'. काही सिग्नल जाम झाल्याने भरकटतात, तेही बऱ्याचदा यशात धरतात. त्याच रात्री आलेल्या चार-पाच बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांचा हिशेब वेगळा करायला हवा. यातल्या इस्कंदर क्षेपणास्त्राच्या टोकावर जवळजवळ अर्धा टन स्फोटकाग्र असतं, आणि ते अडवायला पॅट्रियटसारखी मोजकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणाच चालते. त्यातलं एक उपकेंद्रातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर बसलं की संपलं. असा ट्रान्सफॉर्मर दुकानात मिळत नाही. मागणी देऊन हातात यायला वर्षभरही लागतं.

रशियाकडच्या निवेदनातलं एक वाक्यही ओळखून ठेवा: 'पाडलेल्या ड्रोनचे अवशेष पडून तेल शुद्धीकरण कारखान्यात आग लागली.' कधी खरोखर अवशेष पडतात. पण आग दोन दिवस विझली नाही, फर्म्सवर ठिपके टिकून राहिले, की ड्रोन नेमका बसला असं समजायला हरकत नाही.

सूर्यफुलाचं तेल वाढलं की दुकानदार युद्धाचं नाव सांगतो. खरंच तसं असतं?
— गृहिणी, साखर पेठ

2022 च्या मार्च-एप्रिलमध्ये तसं होतं. आपलं बहुतेक सूर्यफूल तेल युक्रेन आणि रशियातून यायचं आणि काळ्या समुद्रावरची ओडेसाकडची बंदरं बंद पडली. त्यातच 28 एप्रिल ते 23 मे 2022 इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात थांबवली, म्हणजे तेव्हाच्या भाववाढीतही युद्ध एकटं नव्हतं. सप्टेंबर 2024 ची वाढ मात्र घरची. 14 सप्टेंबरपासून केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलं. 30 मे 2025 ला ते साडेसोळावर आणलं. दुकानदाराने पुन्हा युद्ध म्हटलं तर पाम आणि सोयाबीन तेलाचा भाव विचारा. तिन्ही एकदम वाढले असतील तर शुल्क किंवा रुपया बघा. एकटं सूर्यफूल वाढलं असेल तर काळ्या समुद्राकडे बघा.

आमचे टॉवेल न्हावा शेवाहून युरोपला जातात. लाल समुद्रात हल्ल्याची बातमी आली की एजंट भाडं वाढवतो, युद्धबंदीची आली तर कमी करत नाही. बातमीतलं नेमकं काय बघायचं?
— टेक्स्टाइल कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी

क्षेपणास्त्रं किती सुटली हे बघू नका, जहाजं कुठून चालली आहेत ते बघा. येमेनमधल्या हौथी बंडखोरांचे जहाजांवरचे हल्ले नोव्हेंबर 2023 पासून सुरू झाले, पण भाडं खरं चढलं ते मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केल्यावर. वळशाचे एका फेरीला 10 ते 14 दिवस जास्त. म्हणजे तेवढाच माल न्यायला जास्त जहाजं लागतात आणि रिकामे कंटेनर उशिरा परत येतात. युद्धबंदी जाहीर झाली तरी विमा कंपन्या आणि जहाज कंपन्या आठवडेच्या आठवडे वाट बघतात, वेळापत्रकं नव्याने आखावी लागतात. तेवढ्या बाबतीत एजंट खोटं बोलत नाही.

पण भाडं एकरकमी सांगत असेल तर फोड मागा: मूळ भाडं, इंधन अधिभार, युद्धजोखीम अधिभार, हंगामी अधिभार. मार्ग बदललेला असताना, म्हणजे जहाज आफ्रिकेवरून जात असताना, लाल समुद्राचा युद्धजोखीम अधिभार कशाचा, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. दर गुरुवारी ड्र्यूरी या जहाजवाहतूक सल्लागार संस्थेचा 40 फुटी कंटेनरच्या भाड्याचा निर्देशांक येतो. त्यातले मुख्य मार्ग शांघायचे आहेत, तेव्हा त्यातून दर काढू नका, दिशा काढा. तो तीन आठवडे उतरतोय आणि तुमचा दर तसाच आहे, तर दुसऱ्या फॉरवर्डरकडून कोटेशन घ्या.

माल एफओबी असेल तर भाडं ग्राहकाचं, सीआयएफ असेल तर तुमचं, हे तुम्ही जाणताच. ज्याकडे दुर्लक्ष होतं ती गोष्ट पैसे मिळण्याच्या तारखेची. 'माल पोचल्यावर 60 दिवसांनी' अशी अट असेल तर वळशाचे 14 दिवस तुमच्या भांडवलावर बसतात आणि तेवढ्या दिवसांचं व्याज बँक तुमच्याकडून घेते. पुढच्या ऑर्डरला हे 60 दिवस बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या, तारखेपासून मोजायचे, असं लिहून घ्या.